सात मिनिटांमागची पाच हजार चित्रे

मा. संपादक,
स. न.

लहान अ‍ॅनिमेशनपटाला ‘मुलांचे कार्टून’ म्हणून आपल्याकडे सहज बाजूला सारले जाते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी सात मिनिटांसाठी सुमारे ५,००० चित्रे लागतात. संगणकापूर्वी पारदर्शक तावावर पुढून शाईची रेघ आणि मागून रंग भरला जाई, तोही हातात सुती मोजे घालून, कारण बोटाचा ठसासुद्धा कॅमेऱ्याला दिसे.

विजया मुळे दिग्दर्शित, भीमसेन यांनी अ‍ॅनिमेशन केलेला १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे, आणि त्याचे श्रेय चित्रांइतकेच तो वारंवार दाखवणाऱ्या दूरदर्शनलाही आहे. चित्रपटगृहांतही मुख्य चित्रपटाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट सक्तीने दाखवले जात. (तेवढ्या वेळात आम्ही वडे घेऊन येत असू, हेही कबूल केले पाहिजे.)

आता उरले महोत्सव आणि यूट्यूब. अनेक महोत्सवांना आधी कुठेही न दाखवलेलाच पट हवा असतो, त्यामुळे तो कित्येक महिने आंतरजालावर टाकता येत नाही. माझ्या भाचीचा चार मिनिटांचा पट एका महोत्सवाने प्रवेशशुल्क घेऊन निवडला आणि कामाच्या दिवशी सकाळी दहाला दाखवला. प्रेक्षक सहा, त्यांत आम्ही घरचे चार.

मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांनी आणि चित्रपटगृहचालकांनी प्रत्येक खेळाआधी जाहिरातींतली पाच मिनिटे अशा एका पटाला द्यावीत, अशी विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे