खाजेवरचे मलम आणि डॉक्टरांची चिठ्ठी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मिरगाचा पाऊस लागला की कोकणातील औषधांच्या दुकानांत ‘खाजेवरचे मलम द्या’ ही मागणी सुरू होते, ती थेट दिवाळीपर्यंत थांबत नाही. खाज कोणाला, अंगावर कोठे, किती दिवसांपासून, हे दुकानदार बहुधा विचारत नाही आणि गिऱ्हाईकही संकोचाने सांगत नाही. मग जी नळी हातात पडते तिच्यात पुष्कळदा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड अशी तीन औषधे एकत्र कालवलेली असतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घालून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही नळी मिळायची तशीच मिळते. लहानपणापासून इसब अंगावर वागवणारा एक वाचक या नात्याने याबद्दल थोडे लिहू इच्छितो.

खाज एकच वाटली तरी तिची कारणे वेगळी असतात आणि उपाय तर एकमेकांच्या उलट असू शकतात. ओल्या कपड्यांमुळे जांघेत, कमरेला उठणारा नायटा ही बुरशी आहे. तिच्यावर स्टिरॉइड चोळले की लाली आणि खाज चार दिवस दबते, माणूस निर्धास्त होतो आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. पुढे चट्ट्याची कडाच पुसट झाल्यामुळे डॉक्टरांनाही निदान करणे अवघड जाते. आमच्या वाडीतील एका कबड्डीपटू मुलाच्या मांड्यांवर अशाच मलमाने जांभळट भेगांसारखे पट्टे उमटले आहेत आणि ते पूर्णपणे जाणार नाहीत असे त्याला सांगण्यात आले आहे. खरूज असेल तर खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुळ्या येतात, आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावले नाही तर ती घरातल्या घरात फिरत राहते. अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटत असेल तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा लोहाची कमतरता यांचीही तपासणी करावी लागते. गरोदर स्त्रीच्या तळहातांना व तळपायांना पुरळाशिवाय खाज सुटली तर तिने विलंब न लावता डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

आपल्याकडच्या धंद्यांतूनही त्वचेचे दुखणे येते. झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) आंबा उतरवताना देठ तुटला की चिकाची पिचकारी उडते आणि जेथे पडते तेथे कातडी भाजल्यासारखी काळी पडते. काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या बायका हाताला तेल चोळून बसतात, तरी टरफलातील तेलाने त्यांच्या बोटांची टोके काळवंडतात आणि सालपटे निघतात. आंबा, काजू आणि बिबा ही एकाच कुळातील झाडे असल्याने एकाचा त्रास होणाऱ्याला दुसऱ्याचाही होऊ शकतो. अशा कामगारांना मलमाआधी हातमोज्यांची गरज आहे, आणि ते पुरवणे हे मालकाचे काम आहे.

राहिला माझ्यासारख्यांचा इसब. तो समूळ जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो, आणि ते काम मुख्यतः न्हाणीघरात होते. चुलीवरचे कढत पाणी खाजऱ्या अंगावर घेताना स्वर्गसुख वाटते, परंतु त्याने त्वचेचे उरलेसुरले तेल निघून जाते आणि तासाभरात दुप्पट खाज सुटते. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत आंघोळ, सौम्य व बिनवासाचा साबण तोही काखा-जांघांपुरता, टॉवेलने न घासता टिपणे आणि अंग दमट असतानाच व्हॅसलीन किंवा साधे खोबरेल लावणे, एवढे रोज केले तर मलमाची गरज बरीच कमी होते. तेलात कापूर घालू नये. बादलीत जंतुनाशकाचे झाकण ओतण्याची जी पद्धत घरोघरी पडली आहे, ती तर नाजूक त्वचेला उघड अपायकारक आहे. पडवीतील दोरीवर चार दिवस कुबट होत राहिलेला सदरा अंगात घालण्यापूर्वी त्यावर इस्त्री फिरवावी.

खाज म्हटली की आमच्याकडे सर्वप्रथम बांगडा बंद होतो, पाठोपाठ वांगे आणि कोळंबी. मासे खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठत असतील तर ते टाळणे योग्यच. परंतु मोठ्या माणसांचा जुना इसब सहसा जेवणामुळे होत नाही आणि वाढत्या मुलांचे मासे तोडण्यात नुकसानच अधिक आहे.

स्टिरॉइडला शत्रू ठरवण्याचाही माझा हेतू नाही. इसब भडकला की योग्य ताकदीचे मलम ठरलेल्या दिवसांपुरते लावावेच लागते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि प्रौढाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, एवढे जरी दुकानदाराने समजावून सांगितले तरी पुष्कळ होईल.

त्वचारोगतज्ज्ञ शहरात, तेथवर जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जाणार, मग लोक नळीवर भागवतात यात त्यांचा दोष काढता येत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील त्वचारोग विभागाने जून ते ऑक्टोबर या काळात ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस बाह्यरुग्ण तपासणी ठेवावी, ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून त्वचेचा सल्ला मिळवून देण्यासाठी आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी पुढाकार घ्यावा, आणि अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीची तपासणी पावसाळ्यातच करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी