‘मूल कुठाय?’

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला स्वमग्नतेवरचा (म्हणजे ऑटिझमवरचा) लेख वाचला. कालच लिहिणार होते, पण रागात पत्र लिहू नये असं आई म्हणते, म्हणून एक दिवस थांबले. राग गेलेला नाही.

लेख चांगला आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या आईसाठी चांगला आहे. ‘स्वमग्न मुलं’ हे शब्द त्यात सतरा वेळा आलेत (मोजले; सवय आहे). ‘प्रौढ’ एकदाही नाही. तिसऱ्या वर्षाच्या आत निदान झालं पाहिजे, नाहीतर वेळ हातची जाते, असं लेखिकाबाईंनी ठासून सांगितलंय. माझं निदान गेल्या वर्षी झालं, सव्विसाव्या वर्षी. म्हणजे माझी एसटी तेवीस वर्षांपूर्वीच सुटली. आता मी स्टँडवर बसून राहावं की घरी जावं, एवढं तरी एखाद्या चौकटीत छापायचं. स्वमग्नतेचं ते नेहमीचं चिन्ह, निळा कोड्याचा तुकडा, छापायला चौकट होतीच की.

मुलं मोठी होतात हो. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं, त्यातला पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट. अमेरिकेत, मिसिसिपीतल्या छोट्या गावात बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला आणि २०२३ साली, ८९ व्या वर्षी गेला. पहिलंच ‘मूल’ पणजोबांच्या वयाचं झालं, तरी आपला लेख अजून बालवाडीत. मीही एका पतसंस्थेत कर्जखाती बघते, त्यामुळे या बँकवाल्याचं मला जरा जास्तच कौतुक आहे.

मी डॉक्टरांकडे गेले ती झोप लागत नाही म्हणून. आमचं ऑफिस नव्या जागेत गेलं. तिथे सगळ्यांना मिळून एकच हॉल, वर ट्यूबलाइटची घरघर, शेजारी नोटा मोजायचं मशीन. दोन वर्षं चिंतेच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझं लहानपण विचारलं आणि आईला बोलावून घेतलं. आईने कपाटातून माझी सगळी प्रगतिपुस्तकं आणली. दुसरीतला शेरा : ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही.’ चौथीत तेच. सातवीतही तेच, फक्त अक्षर वेगळं. डॉक्टर ते वाचून हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

घरी येऊन मी रडले वगैरे नाही. जुनी खाती उघडून पुन्हा नोंदी तपासाव्यात तसं काहीतरी सुरू झालं, ते अजून चालू आहे. अकरावीत एका मैत्रिणीची आई म्हणाली होती, ‘ये गं कधीतरी घरी.’ मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आत्ता, दहा वर्षांनी कळलं. घुमी, शिष्ट, माणूसघाणी असे आजवर जेवढे शब्द माझ्या नावे जमा होते ते सगळे एका शब्दात वळते झाले. बरं वाटलं, आणि त्याच दिवशी सगळ्यांचा भयंकर रागही आला. यातलं काय आधी आलं ते नक्की सांगता येत नाही.

पण मला सांगायचंय ते दिव्यांग प्रमाणपत्राचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत स्वमग्नता आहे. सरकारी नोकऱ्यांत एक टक्का राखीव आहे, तोही एकट्या आम्हाला नाही. बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार असे सगळे मिळून तो वाटून घ्यायचा. असो. भाऊ म्हणाला, काढून ठेव. म्हणून आईला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘पेशंट कुठाय?’
‘मी.’
‘तसं नव्हे. मूल कुठाय?’
आई म्हणाली, ‘हीच.’

मग आम्हाला बालविभागात पाठवलं. भिंतीवर ब बदकाचा. खुर्च्या वीतभर उंच, लाल-पिवळ्या. चाळीस प्रश्नांची ठरलेली चाचणी असते, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, जास्त गुण म्हणजे जास्त स्वमग्नता. प्रश्न मला नव्हते, आईला होते. हट्ट करते का? इतर मुलांमध्ये खेळते का? एकटी बसते का? मी शेजारीच गुडघे हनुवटीला लावून बसले होते. आदल्याच आठवड्यात मी संस्थेच्या लेखापरीक्षकांना त्यांची चूक काढून दाखवली होती. आई गडबडली, म्हणाली, ‘खेळत नाही हो, ऑफिसला जाते.’

मधेच डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘नजरेला नजर तर छान देते!’ आणि एक गुण तिथेच कमी. मी त्यांच्या डोळ्यांत बघतच नव्हते, दोन भुवयांच्या मधे बघत होते. नववीत आरशासमोर बसवलेली सवय आहे ती. हे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, ‘आईला बोलू दे हं.’ निघताना सिस्टरने गोळी दिली. लिमलेटची. खाल्ली मी, आवडते मला.

अशा दवाखान्यात टेबलाच्या त्या बाजूला बसणारी माणसंही आपली पुरवणी वाचत असतील. म्हणून त्यात एक परिच्छेद मोठ्यांवर हवा होता. आणि त्याच अंकाच्या अग्रलेखात विरोधी पक्षाला ‘स्वमग्न’ म्हटलंय. पान सहावर शिवी आणि पुरवणीत सहानुभूती! दोन्ही विभाग एकमेकांचा अंक वाचत नसावेत.

वेगळा विषय आहे, पण लिहायला बसलेच आहे तर सांगते. शब्दकोडं पान आठवरून पान अकरावर, तेही टायरच्या जाहिरातीखाली, न सांगता का हलवलं? मी नऊ वर्षं ते आठव्या पानावर सोडवते. गुरुवारच्या कोड्याचं उत्तर तर शुक्रवारी आलंच नाही, शनिवारीही नाही.

खाली सही आणि पत्ता दिला आहे, तो छापू नये. माझी काही हरकत नाही, आत्याची आहे. पुढच्या महिन्यात एक स्थळ बघायला यायचंय. गुरुवारचं २३ उभं मात्र जरूर छापावं.

– एक वाचक, सांगली