सर्वांत मोठे स्की क्षेत्र कोणते, हे ठरवणारे मापही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगातील मोठ्या स्की क्षेत्रांची क्रमवारी देणारा लेख वाचला. हिवाळ्यात बर्फाच्या खेळांसाठी परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढत असताना या विषयाला पान दिले, हे चांगलेच झाले. मात्र इटलीतील दोलोमिती सुपरस्कीचे १,२०० किलोमीटर, फ्रान्समधील त्र्वा व्हालेचे ६०० किलोमीटर आणि कॅनडातील व्हिसलर ब्लॅककोमचे ८,१७१ एकर हे आकडे एका यादीत एकाखाली एक मांडून त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देणे मला पटले नाही. रस्त्याच्या लांबीची शिवाराच्या क्षेत्रफळाशी तुलना करावी, तसा हा प्रकार आहे.

युरोपात किलोमीटर आणि अमेरिकेत एकर, यामागे केवळ सवय नाही. आल्प्समध्ये खुणा लावून आखलेले आणि यंत्राने दाबून तयार केलेले उतार हेच क्षेत्र चालवणाऱ्यांच्या जबाबदारीचे असतात, आणि त्यांच्या बाहेरच्या मोकळ्या बर्फात जाणारा सामान्यतः स्वतःच्या जोखमीवर जातो. उत्तर अमेरिकेत याउलट एक हद्द आखलेली असते. त्या हद्दीतील झाडी, कडे, मोकळे उतार या सर्वांवर गस्ती पथकाची देखरेख असते, हिमस्खलनाचा धोका तपासून भाग उघडले किंवा बंद केले जातात, आणि म्हणून ती सगळी जमीन मोजणीत येते. केवळ उदाहरणादाखल, ५०० किलोमीटर उतारांची सरासरी रुंदी ४० मीटर धरली तर त्यांचे क्षेत्र सुमारे ४,९०० एकर भरते, म्हणजे व्हिसलरपेक्षा बरेच कमी. पण त्र्वा व्हालेच्या उतारांच्या मधली डोंगराळ जमीन अमेरिकी रीतीने मोजली, तर निकाल फिरू शकतो. माप बदलले की क्रमांक बदलतो, हे वाचकाला सांगायलाच हवे.

दुसरा प्रश्न सलगतेचा. दोलोमिती सुपरस्कीचे १,२०० किलोमीटर खरे तर एका पासवर, म्हणजे एकाच सामायिक तिकिटावर चालणाऱ्या बारा क्षेत्रांची बेरीज आहे. सेला पर्वताभोवतीची प्रसिद्ध फेरी लिफ्ट (स्की करणाऱ्यांना वर नेणारे रज्जुमार्ग) व उतारांच्या आधाराने पूर्ण करता येते, पण त्याच पासवरचे सान मार्तिनो दी कास्त्रोत्झा गाठायचे तर रस्त्यानेच जावे लागते. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पसरलेल्या पोर्त द्यु सोलेय या क्षेत्राचा आकडाही ६०० किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो. तेथे मोर्झिनच्या एका बाजूच्या डोंगरावरून दुसऱ्या बाजूला जाताना मधले गाव ओलांडावे लागते. त्र्वा व्हालेत मात्र कूर्शेव्हेलहून मेरिबेलमार्गे व्हाल तोरांसपर्यंत आणि परत, लिफ्ट व उतार यांच्याच आधाराने जाता येते. ‘सर्वांत मोठे सलग क्षेत्र’ हा मान त्याला मिळतो तो या गुणामुळे, आणि तो मला रास्त वाटतो. अमेरिकेतही हाच फरक दिसतो. युटामधील पार्क सिटी आणि कॅनियन्स ही क्षेत्रे २०१५ मध्ये गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रज्जुमार्गाने जोडली गेली, तेव्हा ७,३०० एकरांहून मोठे एक सलग क्षेत्र तयार झाले. त्याच राज्यातील पावडर माउंटनने ८,४०० एकरांहून अधिकचा दावा केला, पण त्यातील बराच भाग लिफ्टने नव्हे, तर स्नोकॅटने (बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या वाहनाने) किंवा बसने गाठण्याचा.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे, ती म्हणजे जाहीर आकड्यांचा खरेपणा. क्रिस्टोफ श्राहे या जर्मन तज्ज्ञाने नकाशांवरून उतारांची लांबी स्वतः मोजली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. स्वित्झर्लंडमध्ये व्हर्बिये ज्याचा भाग आहे, ते कात्र व्हाले ४१२ किलोमीटरचा दावा करत होते. मोजणीत ते १६४ किलोमीटर निघाले. काही ठिकाणी स्की करणारा नागमोडी उतरतो म्हणून वळणांचे अंतरही लांबीत धरले जात होते. त्र्वा व्हालेचा आकडाही ५०० च्या आत आला. या प्रकाशनानंतर काही क्षेत्रांनी आपले आकडे दुरुस्त केले, हे त्या कामाचे मोठे यश. प्रवासी कंपनीच्या पत्रकातला आकडा वर्तमानपत्राने जसाच्या तसा छापू नये, एवढा धडा तरी आपण यातून घ्यायला हवा.

शिवाय जाहीर केलेले किलोमीटर बर्फ असेल तरच उपयोगाचे. २०२२ च्या नाताळानंतर युरोपात आलेल्या उष्ण हवेने मोर्झिन आणि ले जे यांसारख्या कमी उंचीच्या गावांतील अनेक उतार बंद पडले. व्हाल तोरांस हे गावच सुमारे २,३०० मीटरवर वसलेले आहे, त्यामुळे तेथे बर्फाची खात्री अधिक. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाला ६०० आणि ४०० किलोमीटरमधील फरकाने काहीही साधत नाही. त्यांना शिकण्याजोगे सौम्य उतार किती, गावाची उंची किती आणि लिफ्टपाशी रांग किती, हे कळले पाहिजे.

गुलमर्गचा उल्लेख लेखात एका ओळीत आटोपला, याचे वाईट वाटले. तेथील गोंडोला अफरवट पर्वताच्या कुशीत सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेते. आखलेल्या उतारांच्या किलोमीटरमध्ये गुलमर्ग फार खाली राहील, पण तेथे जाणारे मोकळ्या बर्फासाठीच जातात. हद्दीचा प्रश्न तेथे जिवाचा आहे: फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील हिमस्खलनांत परदेशी स्कीपटूंचे मृत्यू झाले. गस्तीखालचा भाग कोठे संपतो, हे तेथे जाणाऱ्या आपल्या तरुणांना आधी माहीत असायला हवे.

पुढील वेळी अशी यादी छापताना प्रत्येक आकड्यापुढे तो लांबीचा की क्षेत्रफळाचा, स्वतंत्रपणे मोजलेला की क्षेत्राने स्वतः जाहीर केलेला, आणि सगळे उतार एकमेकांना जोडलेले आहेत की नाहीत, एवढी माहिती आवर्जून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे