चिवड्यातला दाणा

चि. प्रशांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही निघालात आणि आत्या आली ती रिकाम्या ओसरीवर बसून गेली. अंगणात तू माझ्यावर ओरडलास, त्याविषयी मी लिहिणार नाही. तुझे चुकले नव्हते. पाच वर्षांपर्यंत लेकराला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नये, द्यायचाच तर कूट करून द्यावा, असे 26 वर्षे अंगणवाडीत गावच्या आयांना सांगितले आणि माझ्याच घरी धावत्या नातवाच्या मुठीत मी चिवडा दिला.

तो कासावीस झाला तेव्हा मी त्याच्या तोंडात बोट घातले, तेही चूकच, कारण न दिसणारा दाणा बोटाने आणखी आत जातो. तू त्याला मांडीवर पालथे घेतलेस, डोके खाली ठेवून पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच थापा दिल्यास. तुझा हात जरासुद्धा थरथरला नाही. तू दोन वर्षांचा असताना बोराची बी तुझ्या घशात अडकली होती आणि तुझे बाबा तुला उचलून बांधावरून गावाकडे नुसते पळत सुटले होते. ते आज असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती.

निघालेला दाणा मी पदरावर घेऊन पाहिला. ती एकच पाकळी होती. तुम्ही गेल्यावर सारे अंगण झाडले, दुसरी सापडली नाही. चिमणीने नेली असेल, त्याने गिळली असेल. पण तुकडा श्वासनलिकेत उतरला तर बहुधा उजव्या फुप्फुसात जातो, कारण तिकडची नळी अधिक रुंद आणि सरळ असते. पहिली उबळ ओसरते, लेकरू खेळू लागते, आणि पुढे खोकला, घरघर, ताप सुरू होतो. शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना दाण्याची गोष्ट आपण होऊन सांगावी लागते.

त्याला एका जागी मांडी घालून जेवू घाला, समोर मोबाईल नको, तोंडात घास असताना हसवू नका, द्राक्षाचे उभे चार काप करा, सीताफळाच्या बिया आधी काढा. पाहा, पुन्हा मी अंगणवाडीच भरवली. वर्षा हे सारे माझ्याहून नीट सांभाळते, तिला राग येऊ देऊ नकोस.

शेजारचा मुलगा शनिवारी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर आपल्या बागेतली संत्री पाठवते. फोडींची साल आणि बिया काढूनच त्याला द्या.

रात्री तो झोपल्यावर त्याच्या छातीशी कान लावून ऐक. खोकला येतो का, श्वासात घरघर आहे का, एवढे उद्या सकाळीच कळव.

तुझी आई
ता. वरुड, जि. अमरावती