आधी नळी ओळखा

महोदय,

शिकागोतल्या आमच्या जुन्या घराच्या तळघरात पाण्याची नळी जिथून आत येते, तिथे मी ती किल्लीने खरवडून पाहिली. धातू मऊ, आतून चंदेरी, चुंबक चिकटेना. शिसेच! या शहरात अशा सुमारे ४ लाख नळ्या आहेत, कारण १९८६ पर्यंत इथल्या नियमांत घरजोडणीला शिशाची नळी सक्तीची होती.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने अशा नळ्या शोधून बदलण्यासाठी १५ अब्ज डॉलर दिले. त्यातले ४९ टक्के वंचित वस्त्यांना अनुदान किंवा माफ होणारे कर्ज म्हणून द्यायचे आहेत. पण गरीब वस्तीत घोडे अडते ते शोधापाशीच. जुन्या नोंदी अपुऱ्या, रस्ता खणायला खर्च मोठा, आणि भाडेकरूला तळघराची किल्लीही मिळत नाही. नळीची खात्री होत नाही तोवर घर नळ्यांच्या सरकारी यादीत ‘अज्ञात’ रकान्यात पडून राहते आणि मुले तेच पाणी पितात. म्हणून घरोघर जाऊन, लोकांच्या भाषेत बोलून तपासणी करणाऱ्यांवर आधी पैसा खर्च व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना एक विनंती. पाणी उकळून पिण्याची आपली सवय चांगली, पण उकळल्याने शिसे जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाचे दूध कालवताना तरी शिसे गाळणारा प्रमाणित फिल्टर वापरा, आणि नळी तपासून घ्या.

– एक वाचक, शिकागो