युद्धनौकेच्या नावासोबत वर्षही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धनौका सेवामुक्त झाली किंवा बुडाली, तरी तिचे नाव पुढे नव्या नौकेला देण्याची आपल्या नौदलाची प्रथा आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. मात्र नौदल दिनाच्या सुमारास येणाऱ्या मजकुरात एकाच नावाच्या दोन नौकांचा इतिहास पुष्कळदा एकमेकांत मिसळतो.

सर्वांत मोठी गफलत ‘खुकरी’बाबत होते. पहिली ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर मारून ती बुडवली. त्यात १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना वाचवण्याची शर्थ केली, पण स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दुसरी ‘खुकरी’ म्हणजे माझगाव गोदीत बांधलेली कॉर्व्हेट. ती १९८९ मध्ये दाखल झाली, डिसेंबर २०२१ मध्ये सेवामुक्त झाली आणि आता दीवलाच जतन करून ठेवली आहे. सोलापूरहून सोमनाथ-दीवच्या सहलीला गेलेल्यांना दिसते ती ही नौका, आणि हीच मुल्लांची नौका असा समज होणे अगदी सोपे आहे. मुल्लांची नौका समुद्राच्या तळाशी आहे, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिले गेलेच पाहिजे; त्या १९४ जणांचे तेवढे ऋण आपल्यावर आहे.

‘विक्रांत’च्या बाबतीत तर क्रमांक देऊनही भागत नाही, कारण दोन्ही नौकांचा क्रमांक आर ११ हाच आहे. १९६१ मध्ये दाखल झालेल्या आणि १९७१ च्या युद्धात चितगाव व कॉक्स बाजारवर विमाने पाठवणाऱ्या विक्रांतला १९९७ मध्ये निरोप दिला गेला व पुढे ती मोडीत निघाली. कोचीत बांधलेली आजची विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. आमच्या शहरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी कितीतरी मुले आपल्या पत्राची कात्रणे जपून ठेवतात. ‘विक्रांत नौदलात कधी दाखल झाली?’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे आहेत, हे त्यांना त्या कात्रणातूनच कळावे. कलवरी (१९६७ आणि २०१७) व शिवरायांच्या जलदुर्गाचे नाव मिरवणारी खांदेरी (१९६८ आणि २०१९) या पाणबुड्यांचेही तसेच आहे.

म्हणून विनंती अशी, की नौकेचा पहिला उल्लेख येईल तिथे ती सेवेत दाखल झाल्याचे वर्ष ‘खुकरी (१९८९)’ असे कंसात द्यावे आणि पर्यटनाच्या पुरवणीतही हाच नियम पाळावा.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर