बाबा, शेवटच्या रांगेत बसा

नांदेड

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तू स्टेजवर तर दिसणार नाहीस, मग रोज रात्री अकरापर्यंत करतीस काय?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. म्हणून लिहूनच कळवते. तसंही फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि निम्मं आईला सांगण्यात घालवता.

मी बसवतेय ते नाटक दोन भावांचं. सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या आणि शेवटी वाटणी. तालमीत पहिलं घोडं अडलं ते थोरल्या सुनेच्या कळशीवर. ते काम करणारी पोरगी कॉलेजात शिकते, विहिरीवरून पाणी तिनं जन्मात आणलेलं नाही. रिकामी कळशी कमरेवर घेऊन अशी यायची, जशी काय पर्स अडकवून बाजाराला निघालीय. आई, भरली कळशी कमरेवर घेतली की तुझा दुसरा हात आपोआप लांब जायचा, अंग पलीकडं झुकायचं. तिला ते सांगून जमेना, करून दाखवूनही जमेना. मग कळशी खरीच भरली. चाल लगेच बदलली, पण पाणी सांडून स्टेज निसरडं व्हायला लागलं आणि कडेनं तर सगळ्या लाइटच्या वायरी! शेवटी निम्म्या कळशीत ओली वाळू भरली आणि तोंडाशी फडकं कोंबलं. आता ती कळशी खाली टेकवते तेव्हा जो धप्प आवाज येतो ना, त्यावर मी बेहद्द खूश आहे. दिग्दर्शन म्हणजे बरंचसं हेच, बाबा.

उरलेलं म्हणजे माणसं गोळा करणं. धाकटा भाऊ झालाय तो एसटीत कंडक्टर आहे. आवाज असा खणखणीत की माइक लागत नाही, पण ड्युटी मुक्कामी गाडीवर लागली की तालीम बोंबलली. थोरल्याची सोयाबीन काढायला आली आणि वरून परतीचा पाऊस. त्याला रागावू तरी कशी? आभाळ भरून आल्यावर ताडपत्री घेऊन गंजीकडं पळणारा माणूस मी घरीच पाहिलाय. तो नसला की मी वही घेऊन त्याच्या जागेवर उभी राहते आणि त्याचे संवाद वाचते, म्हणजे समोरच्याची लय तुटत नाही.

आई, दिवाळीत मी माळवदाच्या खोलीचं दार सारखं उघड-झाक करत होते आणि तू ओरडलीस, "मोडून टाकतीस का काय ते!" ते याच्यासाठी होतं. रहाटाचा आवाज कुठं मिळेना, जिकडं तिकडं मोटारी. आपल्या दाराची करकर मोबाइलवर घेतली, जरा संथ केली आणि आता ती अस्सल रहाटासारखी वाजते. आमच्या संगीतवाल्याला शेवटच्या प्रसंगात बासरी हवी होती. मी नाही म्हटलं. बासरी आली की लोक ठरवून रडतात.

"कसली स्पर्धा?" असंही विचारलं होतंत. हौशी राज्य नाट्य स्पर्धा, १९५४ पासून चालू आहे, म्हणजे वयानं तुमच्याहून मोठी. नाटक तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचा दाखला आला. खर्चाचं मात्र विचारू नका. सेटचे फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या करायच्या चौकटी, जुनेच आहेत, रंग तेवढा नवा.

खरी धास्ती आहे ती त्या एका दिवसाची. सभागृह प्रयोगाच्या दिवशीच ताब्यात येणार. सकाळी सेट लावायचा, दुपारी लाइट, त्यातून वेळ उरला तर रंगीत तालीम. दुसऱ्या अंकात ब्लॅकआउटमध्ये बाज उचलून विहिरीचा कठडा पुढं आणायचाय. अंधारात जागा सापडावी म्हणून खाली रेडियमच्या टेपचे तुकडे चिकटवणार आहोत. तालमीच्या हॉलमध्ये पोरांना ते डोळे मिटून जमतं. तिथल्या स्टेजवर काय होतंय कोण जाणे.

आता तुमचं काम. पुढं बसू नका, अगदी शेवटच्या रांगेत बसा. थोरल्याचं शेवटचं वाक्य मी हळू आवाजात ठेवलंय. ग्रुपमधले सगळे म्हणतात, मागं ऐकू जाणार नाही. मला ते मोठ्यानं नकोच आहे. विहीर देऊन टाकणारा माणूस ओरडून कशाला सांगेल? तुमचा उजवा कान जरा कमीच ऐकतो, तेव्हा तुम्हाला ऐकू आलं तर सगळ्यांना आलं. नाही आलं तर तिथूनच खाकरू नका, प्रयोग संपल्यावर सांगा.

आई, डबा आणू नकोस म्हटलं तरी तू आणणारच, तर भाकरी जास्तीच्या बांध. मंडळी सकाळपासून चहावर असतात. वसमतहून दुपारचीच गाडी धरा, पडदा सातला उघडतो. आणि बाबा, तुमच्या बाजेवर स्टेजवर कोण बसतं ते बघून मग काय बोलायचं ते बोला. दुसऱ्या दिवशी टेम्पोनं ती घरी पोचवते.

तुमची लेक